फ्लूची अंगदुखी आणि कोंबडीचं अंडं
‘डॉक्टर, फ्लूमध्ये अंग इतकं का दुखतं?’ याच्या उत्तराची सुरुवात कोंबडीच्या अंड्यात आहे. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी पिल्लू वाढत असलेल्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. पेशींतून एक पदार्थ बाहेर पडला. त्याने इतर पेशींना जिवंत विषाणूपासून वाचवलं. हेच इंटरफेरॉन! विषाणू शिरला की पेशीतली त्याची जनुकं कामाला लागतात. पुढे २०१० मध्ये दिसलं, की विषाणू ओळखणारं ‘रिग-आय’ जनुक बदकात आहे, कोंबडीत नाही. बर्ड फ्लूने कोंबड्या पटापट दगावण्यामागचं हे एक कारण मानतात. आपल्यात हे जनुक आहे. तुमची अंगदुखी बऱ्याच अंशी या लढाईचीच खूण. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मात्र दम लागला तर लगेच या.