आज्ञा आणि झडप

२८ मार्च १९७९ ची पहाट. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीज-केंद्राच्या नियंत्रण-कक्षात एक लहानसा दिवा विझला होता. दाब कमी करणारी झडप मिटली, असा त्याचा अर्थ चालकांनी घेतला. वस्तुतः झडप उघडीच अडकून पडली होती आणि अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी तिच्यावाटे निसटून जात होते. दिवा खोटे बोलला नव्हता. झडपेला मिटण्याची आज्ञा गेली, एवढेच तो सांगत होता. आज्ञा सुटणे आणि ती पाळली जाणे यांतील अंतर कचेरीत आयुष्य काढणाऱ्यांना निराळे सांगायला नको. फलक आखणाऱ्यांच्या मात्र ते ध्यानी आले नाही. पाणी अधिक झाले आहे अशा समजुतीने चालकांनी आपत्कालीन पाण्याचा ओघ कमी केला आणि भट्टीचा गाभा काही अंशी वितळला.

डेन्मार्कमध्ये रिसो येथील अणुसंशोधन-संस्थेत येन्स रासमुसेन हा अभियंता त्यापूर्वीच याच प्रश्नाच्या मागे लागला होता. १९७४ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्याने नादुरुस्त उपकरणांतील दोष शोधणाऱ्या कारागिरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमीत कमी चाचण्यांत दोष हुडकणे हीच शहाणपणाची रीत, असे अभियंते मानीत. कारागीर मात्र भराभर पुष्कळशा सोप्या चाचण्या घेत आणि स्मरणशक्तीवर भार पडू देत नसत. ही अडाणी रीत नव्हे, त्या कामाला तीच सोयीची, हे रासमुसेनने ओळखले. पुढे त्याने यंत्रणेचे वर्णन करण्यासाठी पाच पायऱ्यांची एक शिडी रचली. वरच्या पायरीवर यंत्रणेचा हेतू, तळाशी तिचे दिसणारे भाग. वर चढताना ‘हे कशासाठी?’ आणि खाली उतरताना ‘हे कसे?’ असे विचारीत जायचे.

कॅनडातील टोरंटोचे प्राध्यापक किम व्हिसेंटे यांनी १९९९ मध्ये या विचारांना ग्रंथरूप दिले. बोधात्मक कार्य-विश्लेषण असे या पद्धतीला म्हणता येईल. कार्यक्षेत्र, करावयाची कामे, ती करण्याच्या रीती, माणसांतील वाटणी व सहकार, आणि अंगी लागणारी कौशल्ये असे तिचे पाच भाग आहेत. शास्त्र म्हणून मांडणी भक्कम होती. पण ती पुरी करायला वेळ फार लागे आणि आराखड्याच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. शिवाय विश्लेषण संपल्यावर नेमके काय रेखाटायचे, याचे उत्तर त्यातून आपोआप निघत नसे.

वाट सापडली ती ऑस्ट्रेलियात, आणि तीही निविदांच्या टेबलावर. हवाई टेहळणीचे नवे विमान घेण्यासाठी तीन प्रस्ताव आले होते. संरक्षण-विज्ञान संस्थेतील नीलम नाईकर आणि त्यांच्या सहकारी पेनेलपी सँडरसन यांनी रासमुसेनची शिडी तेथे मापदंड म्हणून वापरली. प्रत्येक प्रस्तावातील उपकरणे वरच्या पायऱ्यांवरील कार्ये आणि हेतू कितपत साधतात, हे तपासणाऱ्यांनी पाहावयाचे. नुसत्या तांत्रिक अटींची यादी ताडून जे हाती लागत नाही, ते यात लागते. हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. त्या विमानात माणसे किती बसवावी आणि कोणी काय करावे? विमान अजून बनलेच नव्हते. तेव्हा कोणाचे काम पाहायचे? येथेही पाचही भागांचा हट्ट न धरता पद्धतीचे आरंभीचेच भाग घेतले. अनुभवी सैनिकी जाणकारांना टेबलाभोवती बसवून निरनिराळ्या प्रसंगी कोणती कामे अंगावर येतील आणि ती कोणी उचलावी, याचा खल झाला. हा वृत्तान्त २००३ मधला. पुढे अशाच कामातून एक साधा तक्ता रूढ झाला : एका बाजूला प्रसंग, दुसऱ्या बाजूला कामे. कोणते काम कोणत्या प्रसंगी संभवते, ते रकान्यांत भरायचे.

पद्धत अर्धवट वापरली, असा आक्षेप यावर घेता येईल. पण पूर्ण विश्लेषण कपाटात पडून राहण्यापेक्षा अर्धे विश्लेषण वेळेवर हाती येणे बरे. नाईकर यांनी २०१३ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तोही पाच भागांपैकी पहिल्यावरच.