शालेय परिसर नियोजन
शाळेच्या इमारती, क्रीडांगण, वाटा, पाणी आणि भावी विस्तार यांची एकत्रित मांडणी बांधकामापूर्वीच निश्चित करणे, यास शालेय परिसर नियोजन म्हणतात. वर्गात उजेड व वारा कोणत्या बाजूने घ्यावा, हा त्याचा वास्तुशास्त्रीय भाग होय. शहरांत मात्र त्याआधी जमिनीचा प्रश्न उभा राहतो.

मुंबई इलाख्यात १९१५ च्या नगररचना अधिनियमाने भूखंडांची पुनर्रचना करून सार्वजनिक कामांसाठी जागा काढण्याची सोय झाली. १९५४ च्या अधिनियमाने स्थानिक संस्थांवर विकास योजना करण्याचे बंधन घातले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शाळा व क्रीडांगणे यांसाठी जमीन आरक्षित करता येते. परंतु अंतिम योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन न झाल्यास मालक सूचना देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते (कलम १२७).

निजामपुरा (भिवंडी, जि. ठाणे) यासारख्या जुन्या, दाट वस्तीत ही तरतूद विशेष जाचक ठरते. भिवंडीत हातमागांची जागा विसाव्या शतकात यंत्रमागांनी घेतली. कारखाने घरांना भिडले, मोकळी जमीन दुर्मिळ झाली. अशा ठिकाणी आरक्षण एकदा गेले की परत मिळणे कठीण. मग शाळेवर मजले चढतात आणि पहिला बळी मैदानाचा पडतो. बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमाची (२००९) अनुसूची शाळेस क्रीडांगण असावे असे सांगते. ते किती मोठे असावे, हे सांगत नाही.