शिशुशिक्षण आणि पालक : कोल्हापूर ते कोसबाड, एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

३ ते ६ वयोगटातील बालकांच्या शिक्षणाचा विचार करताना अभ्यासक्रम, साधने व शिक्षिका यांची चर्चा पुष्कळ होते; पालकांचा विचार मात्र अनुषंगाने होतो. वस्तुतः महाराष्ट्रातील शिशुशिक्षणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी शाळा व पालक यांच्या बदलत्या नात्याचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या नात्याचे प्रमुख टप्पे तपासले आहेत.

करवीर संस्थान : कायद्याचा टप्पा

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पाल्यास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. पिढ्यान् पिढ्या शिक्षणापासून वंचित राहिलेल्या समाजासाठी राज्यसत्तेने घेतलेली ही जबाबदारी क्रांतिकारक होती. तथापि या योजनेत पालक हा कायद्याने बांधलेला घटक होता, शिक्षणातील सहकारी नव्हे. आणि शाळापूर्व वय तिच्या कक्षेबाहेरच होते.

बोर्डी व कोसबाड : अंगणाचा टप्पा

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह सुरू केले. त्यांच्या विचारांनी प्रेरित होऊन गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक तेथे रुजू झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मात्र महागड्या साधनांवरील हे शिक्षण शहरी, सुस्थित घरांपुरते राहील, याची जाणीव ताराबाईंना झाली. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बिया, शिंपले, पाने व माती ही तेथील साधने बनली.

मुले बालवाडीत येत नसत, कारण त्यांना घरी धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे. या अनुपस्थितीचा दोष पालकांना न देता शाळाच पाड्यावर, घरांच्या अंगणात भरविण्यात आली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ येथे आहे. १९५७ मध्ये कार्य कोसबाडला हलविल्यावर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ हे प्रयोग विकसित झाले. पालकांच्या दारिद्र्याला गुन्हा न मानता शाळेच्या रचनेत सामावून घेणे, हे या प्रयोगांचे मर्म होय.

१९७५ मध्ये केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. तिच्यात पोषण व आरोग्याबरोबर शाळापूर्व शिक्षण आणि मातांचे आरोग्यशिक्षणही समाविष्ट होते. तथापि, एकाच सेविकेवर नोंदवह्या, आहार व सर्वेक्षणाचा भार पडल्याने शिक्षणाचे अंग दुबळे राहिले.

पुन्हा कोल्हापूर : संवादाचा टप्पा

१९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. ही शाळा प्राथमिक स्तरावरील असली, तरी मातृभाषा, अनुभव व परिसर यांवर आधारलेले तिचे आनंददायी शिक्षण शिशुशिक्षणाच्या तत्त्वांशी थेट नाते सांगणारे होते. घोकंपट्टी व स्पर्धा नाकारणारी शाळा पालकांच्या संमतीविना टिकत नाही. येथे प्रश्न दंडाचा वा दारिद्र्याचा नव्हता; पालकांच्या अपेक्षांचा होता.

निष्कर्ष

आज हाच प्रश्न तीव्र झाला आहे. बालवयात लेखन व इंग्रजीची घाई करणाऱ्या वर्गांना पालकांची मागणीच पोसते. यशपाल समितीने १९९३ मध्ये शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वयोगट हा पायाभूत स्तर मानला. परंतु पालकांशी संवाद नसेल, तर अशी धोरणे कागदावरच राहण्याचा संभव आहे. शाहूकालीन कायद्याने शाळेचे दार उघडले, कोसबाडने शाळा दारापर्यंत नेली. पालकाला बालशिक्षणाचा जाणता भागीदार बनविण्याचे कार्य मात्र अद्याप अपुरे आहे. शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनी पालक-संवाद हा अभ्यासक्रमाचा गाभा मानल्यास या कार्यास दिशा मिळेल.