पाकिटात मावेल एवढे

हाताने केलेली वस्तू आपण सहसा आपल्याच माणसाला देतो. बाळंतिणीला दुपटे, भाचीच्या रुखवतात क्रोशाचा रुमाल, नव्या घराच्या दारावर मण्यांचे तोरण. घेणारा घरचा असतो, त्यामुळे एखादा टाका चुकला तरी कोणी बोलत नाही. पण जिचा चेहरा कधी पाहिलेला नाही अशा बाईला, केवळ पत्ता हाती आहे म्हणून, आपण केलेली वस्तू टपालाने पाठवायची आणि तिनेही काहीतरी स्वतः करून उलट टपाली धाडायचे, असाही एक व्यवहार विसाव्या शतकात अनेक देशांत रुजला. त्यात पैसे नव्हते, परीक्षक नव्हते, बक्षीसही नव्हते. या व्यवहाराबद्दल मी गेली काही वर्षे मिळेल ते वाचत आले आहे. त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपण राहतो त्याच देशात, साध्यासुध्या घरांतल्या स्वयंपाकाच्या टेबलांवर घडला. आपल्या मंडळातल्या फार थोड्या जणांना तो ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

आधी टपाल स्वस्त झाले

या सगळ्याचे मूळ कलेत नाही, टपालाच्या दरात आहे. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याला भरावे लागत, आणि तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. गरिबाघरी पत्र येणे म्हणजे खर्च येणे. रोलंड हिल यांच्या खटपटीमुळे १० जानेवारी १८४० पासून देशात कुठेही अर्ध्या औंसाचे पत्र एका पेनीत जाऊ लागले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात 'पेनी ब्लॅक' हे पहिले चिकटवायचे तिकीट आले. १ ऑक्टोबर १८७० रोजी अर्ध्या पेनीचे पोस्टकार्ड निघाले, आणि १८८३ च्या ऑगस्टपासून टपालखाते पार्सलेही नेऊ लागले. हिंदुस्थानात पाव आण्याचे कार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. आपल्या आज्या-पणज्यांची ख्यालीखुशाली ज्या कार्डावरून कळायची, त्याचा हा जन्मदिवस.

दर ठरावीक झाला, आणि पैसे पाठवणाऱ्याने भरायचे ठरले. या दोन गोष्टींमुळे अनोळखी माणसाला काही पाठवणे हा त्याच्यावर बोजा उरला नाही. ती भेट झाली.

रजईचे तुकडे

अमेरिकेत १८४० च्या दशकात 'फ्रेंडशिप क्विल्ट' फार लोकप्रिय झाल्या. आपली गोधडी डोळ्यांसमोर आणा, मात्र तिचा प्रत्येक चौकोन वेगळ्या बाईने शिवलेला आणि त्यावर तिने न पुसणाऱ्या शाईने आपले नाव लिहिलेले. घरदार सोडून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाबरोबर अशी रजई जाई. काही चौकोन दूरच्या गावांहून आलेले असत. इथे माणसे अजून ओळखीची होती.

अनोळखी बायका आल्या त्या पुढे, नमुन्यांच्या देवघेवीत. १९५० आणि ६० च्या दशकांत रजई शिवणे जुनाट समजले जाऊ लागले होते. तेव्हा नमुने जमवणाऱ्या बायकांनी 'राउंड रॉबिन' नावाच्या साखळ्या चालवल्या. रीत अगदी साधी. नावपत्त्यांची एक यादी असायची. नमुन्यांचे जाड पाकीट पहिलीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे फिरायचे. आपल्या हाती आले की हवे ते उतरवून घ्यायचे, मागच्या फेरीत घातलेला आपला नमुना काढायचा, नवा घालायचा आणि पुढे धाडायचे. यादीतल्या कित्येक जणी एकमेकींना आयुष्यात भेटल्या नाहीत. पाकीट कोणी अडवून ठेवले तर साखळी तुटायची. शिक्षा नव्हती, पण पुढच्या यादीत नाव नसे. १९७० च्या दशकात अमेरिकेत रजईकाम पुन्हा बहरले, तेव्हा जुने नमुने हाताशी होते याचे बरेचसे श्रेय या पाकिटांना जाते.

रे जॉन्सनची 'शाळा'

टपालातल्या या देवघेवीला कलेच्या इतिहासात जागा मिळवून दिली ती रे जॉन्सन या अवलियाने. १९२७ साली डेट्रॉइटमध्ये जन्मलेला हा चित्रकार नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकला आणि न्यूयॉर्कमध्ये राहू लागला. तिथे तो कात्रणे, रेखाटने, चिकटचित्रे पाकिटात घालून लोकांना पाठवू लागला. सोबत सूचना असे, 'यात भर घाला आणि परत पाठवा', किंवा 'भर घालून अमक्याला पाठवा'. तो अमका बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या ओळखीचा नसायचा. १९६२ च्या सुमारास या जाळ्याला 'न्यूयॉर्क करस्पाँडन्स स्कूल' हे नाव पडले. जॉन्सन त्यातल्या 'डन्स'चे स्पेलिंग मुद्दाम नाचातल्या 'डान्स'सारखे करी. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने १९७० मध्ये या शाळेचे प्रदर्शन भरवले, तेव्हा मांडले गेले ते जॉन्सनच्या पत्रमित्रांनी म्युझियमला टपालाने पाठवलेले काम.

यातून पुढे 'मेल आर्ट' प्रदर्शनांचे काही अलिखित नियम ठरत गेले. निवड समिती नाही, प्रवेश फी नाही, आलेले सर्व मांडायचे, परत काही पाठवायचे नाही, मात्र भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सर्वांच्या नावांची यादी मिळालीच पाहिजे. ही यादी सर्वांत मोलाची. ती हाती आली की पन्नास-शंभर नवे पत्ते मिळत.

या पत्त्यांची खरी किंमत कळली ती जिथे बोलायची चोरी होती तिथे. पूर्व जर्मनीत रॉबर्ट रेफेल्ट पूर्व बर्लिनमधून जगभर कार्डे धाडत होता. तिथल्या गुप्त पोलिसांनी अशा कलावंतांवर फायली उघडल्या होत्या. उरुग्वेत लष्करी राजवटीने १९७७ मध्ये क्लेमेंते पादीन आणि होर्हे काराबायो या दोघा टपाल-कलावंतांना तुरुंगात टाकले. त्यांना ओळखणारे लोक देशोदेशी विखुरलेले होते, आणि ओळख बहुतांशी पाकिटातून झालेली. त्याच लोकांनी त्यांच्या सुटकेसाठी पत्रांची मोहीम चालवली. पादीन १९७९ मध्ये सुटला. अर्जेंटिनात एदगार्दो आन्तोनियो विगोचा मुलगा १९७६ मध्ये बेपत्ता झाला. घरी त्याला 'पालोमो' म्हणत. बाप 'पालोमोला सोडा' असा शिक्का आपल्या टपालावर मारत राहिला. मुलगा परत आला नाही. पण ती पाकिटे जगभरच्या संग्रहांत राहिली आहेत.

दोन मैत्रिणी आणि एक बेट

आता आपल्या इथल्या अध्यायाकडे वळू. केट वॉकर आणि सॅली गोलॉप या दोन मैत्रिणी. सॅली लंडन सोडून आयल ऑफ वाइटवर राहायला गेली. घर, संसार, आणि मधे समुद्र. १९७५ मध्ये दोघींनी एकमेकींना छोट्या कलाकृती टपालाने पाठवायला सुरुवात केली. एकीने काही पाठवले की दुसरीने त्याला उत्तर द्यायचे, पण शब्दांत नाही, हाताने काहीतरी करून. पाहता पाहता दोघींच्या वीसहून अधिक झाल्या. 'स्पेअर रिब' या स्त्रियांच्या मासिकातूनही या उपक्रमाची माहिती पसरली आणि देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका त्यात सामील झाल्या. उपक्रमाचे नाव पडले 'फेमिनिस्टो'.

काहींनी कलाशाळेत शिक्षण घेतले होते, काहींनी कधीच नाही. बऱ्याच जणींच्या पायांत लहान मुले घोटाळत होती. स्टुडिओ नव्हता, सलग वेळ नव्हता. म्हणून हातातल्या वस्तूच साहित्य झाल्या. लोकर, दोरा, कापडाचे तुकडे, रिकामे डबे. वस्तूचे आकारमान टपालाने ठरवले, आणि पूर्ण व्हायला लागणारा वेळ मुलाच्या झोपेने. बर्मिंगहॅमच्या सू रिचर्डसनने क्रोशाच्या सुईने अख्खी इंग्रजी न्याहारी विणली, ताटलीसकट, आणि तिला नाव दिले 'करपलेली न्याहारी'. ज्या सुईने बाईने टेबलावरचे रुमाल विणायचे, त्याच सुईने तिने रोज सकाळी गॅससमोर उभे राहण्याचा वैताग विणला. पाहणाऱ्याला आधी हसू येते, मग करपलेपण जाणवते.

माझ्या मते या उपक्रमाची ताकद एका अटीत होती: घेणारीने उलट काहीतरी करायचेच. घरात नवरा, सासू, पाहुणे यांनी 'वा, छान' म्हटले की विषय संपतो. दुकानात गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळे होते. पण जिला स्वतः करून उत्तर द्यायचे आहे, ती आलेली वस्तू उलटसुलट करून पाहते. टाका कसा घातला, डबा कशाचा, हिला नेमके काय म्हणायचे आहे, हे तिला कळून घ्यावेच लागते. घरात वर्षानुवर्षे ज्या कामाकडे कोणी नीट पाहिले नव्हते, त्याकडे एक अनोळखी बाई इतक्या बारकाईने पाहत होती.

१९७६ मध्ये मँचेस्टरमध्ये या वस्तू प्रथम लोकांसमोर आल्या. मग प्रदर्शन गावोगाव फिरले आणि जून १९७७ मध्ये लंडनच्या आय.सी.ए.मध्ये पोचले, बकिंगहॅम राजवाड्याकडे जाणाऱ्या मॉल रस्त्यावर. नाव होते 'गृहिणी म्हणून कलावंताचे चित्र'. दालनाची मांडणीच घरासारखी केली होती. आदल्या वर्षी याच संस्थेत मेरी केलीने आपल्या बाळाच्या लंगोटांचे अस्तर कलाकृती म्हणून मांडले होते आणि वर्तमानपत्रांनी गहजब केला होता. तेव्हा बाईच्या घरकामाला कलेच्या दारात उभे राहू द्यावे की नाही हा वाद त्या काळी अगदी पेटलेला होता. रोझिका पार्कर या कला-इतिहासकार बाईंनी 'स्पेअर रिब'मध्ये या प्रदर्शनावर लिहिले. पुढे १९८४ मध्ये त्यांचे 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' हे भरतकाम आणि बाईपण यांच्या नात्यावरचे पुस्तक निघाले. आजही या विषयावर बोलताना ते टाळता येत नाही.

प्रदर्शनाने नाव दिले, पण काहीतरी घेतलेही. एका बाईने दुसरीला लिहिलेले खासगी पत्र हजारो लोक वाचू लागले की लिहिणारीचा हात बदलतोच. पुढे केट वॉकर, सू रिचर्डसन आणि मोनिका रॉस यांनी 'फेनिक्स' नावाने एकत्र काम केले, तेही लोकांसमोर, दालनात. टपालाची ती मूळ देवघेव मात्र ओसरली. टेट ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात 'विमेन इन रिव्हॉल्ट' हे मोठे प्रदर्शन भरवले. त्यात सू रिचर्डसनचे क्रोशाकाम मानाने मांडले गेले. पुढे ते प्रदर्शन एडिंबरा आणि मँचेस्टरलाही गेले. दालनापर्यंतच्या या दुसऱ्या फेरीला सेहेचाळीस वर्षे लागली.

अडीच बाय साडेतीन इंच

हीच कल्पना १९९७ मध्ये झुरिकमध्ये नव्या रूपात उगवली. एम. वेन्ची स्टिर्नेमान या कलावंताने १२०० छोटी कार्डे स्वतः करून आपल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मांडली आणि लोकांना सांगितले, तुम्हीही करून आणा, शेवटच्या दिवशी अदलाबदल करू. कार्डाचा आकार अमेरिकेतल्या खेळाडूंच्या कार्डांएवढा, ६४ बाय ८९ मिलिमीटर. विकायचे नाही, फक्त बदली करायची. मूळ कल्पना समोरासमोर भेटून कार्डे बदलण्याची होती. पण कार्ड साध्या पाकिटात बसते, त्यामुळे ते लवकरच टपालात शिरले. एक जण विषय आणि शेवटची तारीख ठरवतो, प्रत्येकाने ठरलेली कार्डे आणि स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट त्याच्याकडे पाठवायचे, तो ती मिसळून प्रत्येकाला इतरांची परत धाडतो.

या कार्डांची एक शिस्त मला फार आवडते. पुढच्या बाजूला चित्र, आणि मागे करणाऱ्याचे नाव, तारीख, शीर्षक आणि संपर्क. १८४० च्या रजईवरची शाईतली नावे आणि ही पाठीमागची ओळ, दोन्हींचे काम एकच. ज्यांवर अशी खूण होती त्या वस्तूंना आज इतिहास आहे. ज्यांवर नव्हती त्यांना संग्रहालयांत एकच ओळ मिळते, 'कर्ती अज्ञात'.

आपल्या घरांतही अशा 'कर्ती अज्ञात' वस्तू आहेत. साठ-सत्तरच्या दशकात नवऱ्यामागोमाग या देशात आलेल्या कितीतरी मावश्या-काकूंनी थंड, अंधाऱ्या दुपारी क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, लोकरीचे स्वेटर केले. ते आता लॉफ्टमधल्या बॅगेत आहेत, आणि ते कोणी, कुठे, कोणत्या साली केले हे सांगू शकणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. तेव्हा माझी एक विनंती. या सुट्टीत ती बॅग खाली उतरवा. करणारी हयात असेल तर तिला विचारा. नाव, गाव, साल आणि कोणासाठी केले एवढे एका सुती पट्टीवर लिहा आणि ती मागच्या बाजूला चार टाक्यांनी शिवून टाका. आणि हात शिवशिवले, तर अडीच बाय साडेतीन इंचांचा एक पुठ्ठा कापा, त्यावर काहीतरी करा आणि मंडळाच्या यादीतल्या, तुम्ही कधी न भेटलेल्या एखाद्या कुटुंबाला आधी विचारून धाडा. उत्तराचे पाकीट आले, तर ते उघडून नीट उलटसुलट पाहा.