होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवण्यासाठी १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे चाललेला उपक्रम. हिंदीत त्याला आद्याक्षरांवरून ‘होविशिका’ म्हणतात. नाव झाले ते मुलांच्या प्रयोगांमुळे. त्याचे खरे बळ मात्र शिक्षकांच्या घडणीत होते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडलेल्या अनिल सद्गोपाल यांची ‘किशोर भारती’ ही संस्था आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी १६ शाळांपासून सुरुवात केली. टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक त्यासाठी मुद्दाम तिथे जात. १९७८ मध्ये शासनाने कार्यक्रम जिल्हाभर लागू केला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे तो अखेरपर्यंत सांभाळला.

शिक्षकांचे प्रशिक्षण उन्हाळ्याच्या सुट्टीत, तीन आठवड्यांचे. त्यात मुलांसारखेच गट करून बसायचे आणि मुलांकडून जे प्रयोग करून घ्यायचे, ते आधी आपण करायचे. टॉर्चचा एक सेल, तारेचा तुकडा आणि छोटा बल्ब एवढेच हाती दिले, तर विजेचा पाठ वर्षानुवर्षे शिकवत आलेला माणूसही अडतो. एक जोडणी बल्बच्या बुडाच्या टोकाशी आणि दुसरी त्याच्या पत्र्याच्या अंगाशी हवी, हे फळ्यावरच्या आकृतीतून हाताला कळलेले नसते. स्वतः असे चाचपडलेला शिक्षक वर्गात मूल चाचपडताना उत्तर सांगून टाकायची घाई करत नाही. शिबिरात शिक्षकाला मिळणारी सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच.

शिबिर संपले की विसर पडतो, ही प्रशिक्षणाची नेहमीची रड. तिच्यावरचा उपाय म्हणजे ‘मासिक गोष्ठी’. ठरलेल्या शाळेत आसपासचे शिक्षक महिन्यातून एकदा जमत; फसलेले प्रयोग, मुलांनी विचारलेले अडचणीचे प्रश्न, पुढच्या महिन्याचे धडे, सगळे तिथे निघे. यांतलेच काही शिक्षक पुढे इतरांचे प्रशिक्षक झाले आणि ‘बाल वैज्ञानिक’ या कार्यपुस्तिकांच्या घडणीतही त्यांचा हात होता.

या पुस्तिकांत तयार उत्तरे नव्हती. एकच लांबी चार मुलांनी मोजली की आकडे जुळत नाहीत. मग चूक कुणाची, मोजण्यात फरक का पडतो, सरासरी कशासाठी घ्यायची, इथून चर्चा सुरू होई. क्षेत्रभेटीसाठी मुले शेतात, ओढ्याकाठी जात. पाने आणून त्यांचे गट पाडत. मनातले प्रश्न ती ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने विचारत आणि त्यांना उत्तरे येत. परीक्षेला पुस्तक उघडायची मुभा होती, शिवाय प्रात्यक्षिकही असे. निवडक हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग न काढता हे सारे अख्ख्या वर्गाला मिळत होते, याचे मोल फार मोठे आहे.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन इथे आले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून आकार जोडायची त्यांची युक्ती इथलीच. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैच्या त्रिकोणी का, हे मुलाला तिथेच उमगते. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी खेळणी महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती दिली.

२००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला. तोवर तो होशंगाबादबाहेरही पसरून १५ जिल्ह्यांतील सुमारे १,००० शाळांत चालू होता. देशातील अनेक शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. पुस्तके बदलणे सोपे होते. गोष्ठींतून तीस वर्षांत जुळलेले शिक्षकांचे जाळे पुन्हा विणणे सोपे नव्हते. एकलव्यच्या कामाचा धागा मात्र महाराष्ट्रातही पोचला होता: तिच्या ‘संदर्भ’ या हिंदी द्वैमासिकाच्या धर्तीवर पुण्याहून ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक निघाले.