चौकटीत न मावलेले इंजिन

मोटारसायकलचा स्पार्क प्लग बदलणे हे खरे तर पाच मिनिटांचे काम. पण माझ्या गाडीला त्यासाठी आधी सीट काढावी लागते, मग पेट्रोलची टाकी. परवा गॅरेजमधल्या उस्तादांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "भाई, ही गाडी ज्याने बनवली, त्याने ती कधी खोलून पाहिली नसेल."

मी हसलो. पण मोटारसायकलच्या इतिहासात असा प्रकार एकदा खरोखरच घडला आहे, तोही एका नामांकित कारखान्यात.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन गावात ट्रायम्फचा कारखाना होता. १९५१ पासून ही कंपनी बीएसए उद्योगसमूहाच्या मालकीची होती. तिची १९५९ मध्ये आलेली बॉनव्हिल गाडी अमेरिकेतही गाजली. पुढे समूहाने आपला संशोधन-आराखडा विभाग कारखान्यापासून काही मैल दूर, अंबरस्लेड हॉल नावाच्या जुन्या हवेलीत थाटला. १९७१ च्या गाड्यांसाठी तिथे नवी चौकट आखली गेली. तिच्या जाड नळीतच इंजिन ऑइल साठवायचे होते, वेगळी टाकी नको. कल्पना वाईट नव्हती.

आराखडे मेरिडनला उशिरा पोहोचले. चौकटी तयार झाल्या आणि कामगारांनी इंजिन बसवायला घेतले, तर ते आत जाईना! इंजिनाच्या माथ्यावरचे रॉकर बॉक्स आड येत होते. हे बॉक्स म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांचे घर. टॅपेट सेट करायचे तर मेकॅनिकचा हात तिथेच जातो. ते उतरवल्याशिवाय इंजिन बसेना. शेवटी सिलिंडर हेड आणि रॉकर बॉक्समध्ये फेरफार करावे लागले. तोवर कित्येक आठवडे उत्पादन रखडले आणि अमेरिकेतला विक्रीचा हंगाम हातचा गेला. सीटही इतकी उंच झाली होती की बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकत नसत.

तिकडे १९६९ मध्येच होंडाची सीबी ७५० बाजारात आली होती. चार सिलिंडर, बटणावर सुरू होणारी. तिचा क्रँककेस आडवा विभागलेला होता. ब्रिटिश गाड्यांचा उभा विभागलेला असे, आणि त्या सांध्यातून ऑइल गळणे लोकांनी नशीब म्हणून स्वीकारले होते.

ट्रायम्फ केवळ एका चौकटीमुळे बुडाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुनी यंत्रे, चुकलेले व्यवस्थापन आणि जपानी स्पर्धा ही कारणेही होतीच. १९७३ मध्ये मेरिडन बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला. १९७५ पासून त्यांनी तो सहकारी तत्त्वावर चालवला आणि १९८३ पर्यंत टिकवला. मालकांनी टाकून दिलेली तीच बॉनव्हिल ते बनवत राहिले.

ज्यांना आराखडा काढताना कुणी विचारले नाही, त्याच हातांनी शेवटी गाडी जगवली. आपल्या गल्लीतल्या उस्तादालाही कुणी विचारत नाही. विचारले असते, तर माझा प्लग पाच मिनिटांत बदलला असता.