तुरट चवीचा माग

कोऱ्या चहाचा घोट घेतला की जीभ आकसते, टाळू कोरडा पडतो. चहातल्या पॉलिफिनॉलांनी लाळेतली प्रथिने धरून ठेवल्याची ही खूण. अँटिऑक्सिडंट म्हणून ज्यांची एवढी ख्याती झाली, ती हीच मंडळी. पॉलिफिनॉलांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने पुस्तक उघडण्याआधी असा एक घोट जरूर घ्यावा. पुढची बरीच वाट तो तुरटपणाच दाखवतो.

चिरलेले वांगे काळे पडते, तसेच चहाचे पान मळल्यावर तांबूस होते. पेशी फुटतात, आतले विकर (एन्झाइम) कॅटेचिन या पॉलिफिनॉलांना भिडते आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने थिआफ्लेविन, थिअरुबिजिन तयार होतात. काळ्या चहाचा रंग त्यांचाच. हिरव्या चहात हे विकर आधीच उष्णतेने निकामी केलेले असते, म्हणून कॅटेचिने टिकतात. ती 1929 मध्ये हिरव्या चहातून वेगळी काढली जपानच्या मिचियो त्सुजिमुरा यांनी. विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून सुरुवातीला त्यांनी बिनपगारी प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून काम केले. त्यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

खरी गुंतागुंत शरीरात सुरू होते. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावी 805 वृद्ध पुरुषांच्या पाहणीत फ्लेवोनॉइडे, म्हणजे पॉलिफिनॉलांचाच एक गट, जास्त घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने कमी मृत्यू आढळले (1993), आणि ती मुख्यतः चहातूनच मिळत होती. वेल्समधल्या केअरफिलीत मात्र असा लाभ दिसला नाही. तिथले लोक चहात दूध घालत. दुधातले केसीन हे प्रथिन पॉलिफिनॉलांना बांधून ठेवत असेल का? 2007 मध्ये बर्लिनमध्ये 16 स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात दूध घालताच चहाने रक्तवाहिन्या सैलावण्याचा परिणाम नाहीसा झाला. पण 2022 मधल्या ब्रिटनच्या सुमारे पाच लाख लोकांच्या अभ्यासात रोज दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांचा मृत्यूचा धोका थोडा कमी दिसला, दूध असो वा नसो. शिवाय कॅटेचिनांचा थोडाच अंश रक्तात पोचतो. बाकीच्याचे आतड्यातले जिवाणू विघटन करतात. अँटिऑक्सिडंट क्षमतेचा परीक्षानळीतला आकडा शरीराला जसाच्या तसा लावू नये, ते यासाठीच.

प्रथिनांना धरणारे हे रेणू भाजी-डाळीतल्या लोहालाही धरतात. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने जेवणाला लागून चहा घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

वरचे अभ्यास बहुतांशी पाण्यात मुरवलेल्या चहाचे. आपल्याकडे भुकटी, दूध, साखर आणि ठेचलेले आले एकाच पातेल्यात उकळी येऊन वर चढेपर्यंत शिजते. त्या कपात तुरटपणा किती उरतो, आणि तो जातो कुठे? या प्रश्नाला हात घालणाऱ्या विद्यार्थ्यांची मी वाट पाहतो आहे.